नवा कॅम टाकताय? आधी त्याचा गिअर जुळवा

कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम, निवडताना माणूस महिना महिना घोळ घालतो. लिफ्ट किती घ्यायची, ड्युरेशन किती, लोब सेपरेशन (कॅमवरच्या उंचवट्यांमधला कोन) १०८ की ११२, सगळं दहा जणांना विचारून होतं. त्याच कॅमवर कापलेला, डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना स्पार्क वाटणारा भाग) फिरवणारा तिरप्या दात्यांचा छोटा गिअर मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो. माझ्याही नव्हता.

माझं झालं ते असं. स्मॉल-ब्लॉक शेव्हरोलेतला फ्लॅट टॅपेट कॅम काढला (त्यावर लिफ्टर, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे तुकडे, घासत चालतात) आणि पोलादी बिलेटचा, म्हणजे अखंड ठोकळ्यातून कातलेला, रोलर कॅम टाकला (याच्या लिफ्टरांना चाकं असतात). डिस्ट्रिब्युटर 'चांगला चाललाय की, त्याला कशाला हात लावा' म्हणून होता तसाच परत बसवला. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. तीन आठवड्यांनी टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) दोन-तीन अंश मागे पडलेलं दिसलं. वाटलं, क्लॅम्प ढिला राहिला असेल. टायमिंग पुढे घेतलं, क्लॅम्प आवळला. आठवड्याभरात पुन्हा मागे. मग मी कार्बोरेटरला छळलं, अॅडव्हान्सच्या स्प्रिंगा बदलल्या, टायमिंग चेनवर संशय घेतला. शेवटी डिस्ट्रिब्युटर उपसला, गिअरवर बोट फिरवलं आणि बोटच कापलं. दाते झिजून सुरीच्या पात्यासारखे झाले होते. कॅमच्या दात्यांवरही ओरखडे होते. म्हणजे नवा कोरा कॅमही गेला, आणि तेलात मिसळलेला लोखंडाचा कीस बेअरिंगांपर्यंत पोचला तो वेगळाच.

हे टाळायला लागतो एक योग्य गिअर, एक निळ्या शाईची ट्यूब आणि एक दुपार.

तुमचं इंजिन यात बसतं का?

कॅमवरचा गिअर डिस्ट्रिब्युटर फिरवतो आणि त्याच शाफ्टच्या खालच्या टोकाला तेलाचा पंप जोडलेला असतो, अशा इंजिनांसाठी हा लेख आहे. स्मॉल-ब्लॉक आणि बिग-ब्लॉक शेव्हरोले, फोर्डची ३०२ आणि ३५१ विंडसर ही त्यातली नेहमीची नावं. क्रायस्लरच्या जुन्या व्ही-८ इंजिनांत रचना थोडी निराळी आहे. तिथे गिअर डिस्ट्रिब्युटरवर नसतो. तो मधल्या एका सुट्या शाफ्टवर असतो आणि डिस्ट्रिब्युटर नुसता त्याच्या खाचेत बसतो. तिथे 'डिस्ट्रिब्युटर गिअर' शोधत बसू नका, त्या मधल्या शाफ्टचा गिअर बघा. खाली लिहिलेलं बाकी सगळं त्यालाही लागू आहे.

जनरल मोटर्सच्या एलएस घराण्याच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर नाही आणि पंप थेट क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) नाकावर आहे. ते असेल तर तुम्हाला ही डोकेदुखीच नाही.

काय हाताशी हवं

कागदांपैकी दोन: कॅमबरोबर आलेलं कॅम कार्ड आणि डिस्ट्रिब्युटरचं माहितीपत्रक. कार्ड हरवलं असेल तर कॅमच्या टोकावर कोरलेला क्रमांक घेऊन उत्पादकालाच विचारा.

हत्यारांपैकी:

- व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर
- फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या)
- रोल पिनच्या (गिअर शाफ्टला जखडणाऱ्या पिनच्या) मापाचा पंच
- छोटा प्रेस (नसेल तर हे एवढं काम मशीन शॉपमध्ये द्या)
- गिअरचा ठसा बघायची निळी मार्किंग शाई
- मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट
- लोहचुंबक
- डिस्ट्रिब्युटरच्या जागी घालून तेलाचा पंप फिरवायचं प्राइमिंगचं हत्यार आणि ड्रिल
- तेलाचा फिल्टर कापायचा कटर

१. ओझं कशाचं आहे ते समजून घ्या

डिस्ट्रिब्युटरचा रोटर (आतला फिरणारा तुकडा) दोन बोटांनी फिरतो. त्याच्यासाठी गिअर झिजत नाही. गिअरवरचं खरं ओझं खाली लटकलेल्या तेलाच्या पंपाचं असतं. इंजिन गार आहे, तेल घट्ट आहे आणि पंप ते दाबाने ढकलतोय, अशा वेळी या दात्यांवर सगळ्यात जास्त ताण येतो.

त्यात या जोडीची रचनाही अवघड. कॅम आडवा आणि डिस्ट्रिब्युटर जवळपास उभा, म्हणून दोन्ही गिअरांचे दाते तिरपे कापलेले असतात. साध्या गिअरांचे दाते एकमेकांवर रेषेत टेकतात आणि बऱ्याच अंशी लोळतात. हे नव्या अवस्थेत एका टिंबावर टेकतात आणि घासत जातात. क्रँक ६,००० आरपीएमला असताना कॅम ३,००० ला फिरतो, म्हणजे प्रत्येक दाता सेकंदाला ५० वेळा असा घासून जातो. मध्ये असते ती फक्त तेलाची पातळ साय.

दोन्हीकडच्या दात्यांची संख्याही सारखीच असते. शेव्हरोलेत दोन्हीकडे १३. त्यामुळे एक ठरावीक दाता आयुष्यभर समोरच्या त्याच एका दात्याला भेटतो आणि दोघं एकमेकांना आपापल्या आकारात घडवतात. म्हणूनच जुन्या कॅमबरोबर रुळलेला गिअर नव्या कॅमवर लावू नये, मग धातू जुळत असला तरी. त्याच्या दात्यांवर जुन्या जोडीदाराचा ठसा उमटलेला असतो.

या दोघांपैकी कुणीतरी झिजणार आहेच. कोण झिजावं हे ठरवणं आपल्या हातात आहे. गिअर बदलायला डिस्ट्रिब्युटर उपसावा लागतो, कॅम बदलायला अर्धं इंजिन.

२. कॅम कशाचा आहे ते नक्की करा

'रोलर कॅम आहे' एवढी माहिती पुरत नाही. नवखे लोक इथेच फसतात. रोलर कॅम तीन-चार प्रकारच्या धातूंत येतात आणि प्रत्येकाचा गिअर वेगळा असू शकतो.

फ्लॅट टॅपेट कॅम बहुतेक वेळा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. रस्त्यावरच्या गाड्यांसाठीचे काही हायड्रॉलिक रोलर कॅम डक्टाइल (कमी ठिसूळ) बिडाचे असतात आणि त्यांना ऑस्टेम्परिंग नावाची उष्णतेची प्रक्रिया दिलेली असते. जोरदार स्प्रिंगा आणि सॉलिड रोलर लिफ्टर वापरायचे असतील तर कॅम सहसा पोलादी बिलेटचा असतो. आणि एक चौथा, फसवा प्रकार आहे: कॅम पोलादी, पण मागच्या टोकाला बिडाचा गिअर वेगळा दाबून बसवलेला. हा चौथा मिळाला तर आनंद माना, कारण त्याला साधा बिडाचा गिअर चालतो.

कार्ड हाताशी नसेल तर लोबांच्या मधला भाग बघा. ओतीव कॅमवर तिथे खडबडीत कातडं आणि साच्याच्या जोडाची रेघ दिसते. बिलेट सगळीकडून कातलेला असतो आणि हत्याराच्या बारीक खुणा चकाकत असतात. ही फक्त अंदाजाची पायरी आहे. दात्यांवर कानस मारून कठीणपणा बघायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. कार्ड सांगेल तेच खरं.

३. त्याला साजेसा गिअर निवडा

बाजारात चार जातीचे गिअर मिळतात.

*बिडाचा.* बहुतेक डिस्ट्रिब्युटरांबरोबर हाच येतो. बिडाच्या कॅमबरोबर याची जन्माची जोडी आहे. फ्लॅट टॅपेट कॅम असेल तर दुसरं काही शोधू नका. बिडाचा गिअर न दाबलेल्या पोलादी बिलेटवर लावलात तर माझ्यासारखं बोट कापून घ्याल.

*मेलोनाइज्ड.* गिअर वितळलेल्या क्षारांच्या न्हाणात बुडवून त्याच्या पृष्ठभागात नायट्रोजन आणि कार्बन मुरवतात. रंग काळसर होतो, वरचा थर कठीण आणि घसरट होतो. जनरल मोटर्सने पोलादी रोलर कॅमच्या आपल्या इंजिनांसाठी हाच मार्ग घेतला. रस्त्यावर रोज चालणाऱ्या हायड्रॉलिक रोलर इंजिनासाठी, कॅम कार्डाची परवानगी असेल तर, माझी पहिली पसंती याला. बसवा आणि विसरा, असं म्हणण्याच्या सगळ्यात जवळ जाणारा गिअर हाच.

फोर्डवाल्यांसाठी इथे एक उलटा सापळा आहे. १९८५ पासून मस्टँगच्या ५.० लिटर एचओ (हाय आउटपुट) इंजिनात रोलर कॅम आला आणि त्याच्या डिस्ट्रिब्युटरवर पोलादी गिअर आला. तो डिस्ट्रिब्युटर 'नवीनच आहे' म्हणून उचलून बिडाच्या फ्लॅट टॅपेट कॅमच्या जुन्या ३०२ मध्ये घातला तर या वेळी गिअर शाबूत राहतो आणि कॅम खाल्ला जातो. आगीतून फुफाट्यात.

*ब्राँझचा.* पोलादी बिलेटबरोबर चालणारा जुना, खात्रीचा उपाय. तो मऊ असतो, स्वतः झिजतो आणि कॅमला सांभाळतो. ज्यांची इंजिनं शर्यतीची आहेत आणि दर काही दिवसांनी उघडलीच जातात, त्यांना हा ठीक आहे. रस्त्यावरच्या गाडीत मी तो लावणार नाही. तो झिजणार हे ठरलेलंच आहे, आणि आपण तपासायला विसरणार हेही जवळपास ठरलेलं. दुकानदाराने ब्राँझ म्हणून दिलेला तुकडा खरंच ब्राँझचा आहे का, हे चुंबक लावून बघा. ब्राँझला चुंबक चिकटत नाही.

*कंपोझिट.* कार्बन मिसळलेल्या कठीण पॉलिमरचा. कुठल्याही धातूच्या कॅमबरोबर चालतो हे त्याचं मोठं सुख. कॅमचा धातू काही केल्या कळत नसेल तर हाच घ्या. दिसायला प्लास्टिकचा, म्हणून लोक नाक मुरडतात. पण तो ठोकाठोक सहन करत नाही हे खरंच आहे. बसवताना हातोडा लांब ठेवा आणि पिनचं भोक पाडताना उत्पादकाची सूचना अक्षर न् अक्षर वाचा.

निवड झाली की ती कॅम कार्डावर पेनाने लिहून ठेवा. दोन वर्षांनी गिअर बदलताना तुम्हाला काहीही आठवणार नाही.

४. भोकाचं माप घ्या

धातू बरोबर आणि भोक चुकीचं, हा प्रकार इतका होतो की याला वेगळी पायरी दिली. जनरल मोटर्सच्या मूळ डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टला ०.४९१ इंच भोकाचा गिअर लागतो. एमएसडीसारख्या बाहेरच्या बनावटीच्या शाफ्टला ०.५०० इंचाचा. फोर्डमध्ये ०.४६७, ०.५०० आणि ०.५३१ अशी तीन मापं फिरतात.

०.४९१ चा गिअर ०.५०० च्या शाफ्टवर चढणारच नाही, म्हणजे चूक लगेच कळेल. उलटं झालं तर धोका. ०.५०० चा गिअर बारीक शाफ्टवर सहज सरकतो, 'छान बसला' असं वाटतं, आणि मग सगळं ओझं एका रोल पिनवर येतं. पिन आधी हलते, मग तुटते. म्हणून मागवण्याआधी शाफ्ट व्हर्निअरने मोजा, 'या मॉडेलला हाच लागतो' यावर विसंबू नका.

५. पंपाचा मोह आवरा

कॅम बदलताना बहुतेकांना हाय-व्हॉल्यूम पंपही टाकावासा वाटतो. वर लिहिलं तसं गिअरवरचं ओझं पंपाचंच असतं. जास्त तेल ढकलणारा पंप आणि त्यात घट्ट तेल म्हणजे तुम्ही नव्या गिअरची परीक्षा पहिल्याच दिवशी घेताय. प्रत्येक १,००० आरपीएमला साधारण १० पीएसआय दाब, हा मेकॅनिकांचा जुना अंदाज आहे. इंजिन ६,००० पर्यंत नेणार असाल तर गरम तेलावर ६० च्या आसपास दाब पुरतो. बेअरिंगमधली फट मुद्दाम मोठी ठेवलेली नसेल तर चांगला, नेहमीच्या मापाचा पंपच घ्या.

पंपापर्यंत जाणारी दांडी मात्र चांगली घ्या. शेव्हरोलेच्या मूळ दांडीच्या जोडाला नायलॉनची कॉलर असते आणि ती जुनी झाली की ठिसूळ होते. पोलादी कॉलरची दांडी घाला. फोर्ड ३०२ ची षट्कोनी दांडी फक्त पाव इंचाची असते, ३५१ विंडसरची ५/१६. पाव इंची दांडी जड पंपाखाली पिळवटते, तेव्हा कठीण पोलादाची घ्या.

६. गिअर शाफ्टवर चढवा

डिस्ट्रिब्युटर बाहेर काढण्याआधी रोटर आणि हाउजिंग (बाहेरचं आवरण) दोन्हींवर खूण करा, मोबाईलवर फोटो काढा. मग:

शाफ्टखाली लाकडाचा व्ही-आकाराचा आधार द्या आणि पिन योग्य मापाच्या पंचने बाहेर काढा. पंच लहान असेल तर तो पिनच्या आत घुसतो आणि पिन फुगून अडकते. गिअर प्रेसने काढा. शाफ्टवर हातोडा मारलात तर शाफ्ट केसभर वाकतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि रोटर आयुष्यभर डुलत राहतो.

पिनच्या भोकाभोवती उचललेली कड बारीक पॉलिश पेपरने साफ करा, शाफ्टला तेलाचा हात द्या आणि नवा गिअर चढवा. पिनही नवी घाला.

शेव्हरोलेच्या गिअरवर बहुतेक वेळा एक छोटा खळगा असतो. तो रोटरच्या टोकाच्या दिशेला यायला हवा. पिनचं भोक आरपार असल्याने गिअर उलटाही बसतो. १३ दाते विषम आहेत, त्यामुळे उलटा बसलेला गिअर रोटरला अर्ध्या दात्याने, म्हणजे जवळपास १४ अंशांनी चुकीच्या जागी नेतो. मग टायमिंग जुळवायला हाउजिंग फिरवायला जावं, तर हाउजिंगला लागलेली व्हॅक्यूमची डबी इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा-पेट्रोल पोचवणाऱ्या भागावर) आपटते आणि आपण तासभर 'एक दाता पुढे, एक दाता मागे' खेळत बसतो.

फोर्डचा गिअर शाफ्टवर दाबून बसतो आणि किती खोल दाबायचा याला ठरलेलं माप आहे. हे माप हाउजिंगच्या बसण्याच्या कडेपासून गिअरपर्यंत घेतात आणि ते डिस्ट्रिब्युटरच्या पत्रकात असतं. योग्य उंचीवर जुनं भोक जुळत नसेल तर गिअर ओढूनताणून जुळवू नका. शाफ्टला ९० अंश वळवून नवं भोक पाडतात.

शेवटी शाफ्ट वर-खाली हलवून खेळ किती आहे ते गिअर आणि हाउजिंगच्या मध्ये फीलर गेज घालून मोजा. पत्रकातल्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर पातळ शिमा (चकत्या) घालून कमी करा. अजिबात खेळ नसेल तर तेही वाईट. गरम झाल्यावर शाफ्ट आवळतो.

७. खोली आणि ठसा

माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी हीच.

शेव्हरोलेत डिस्ट्रिब्युटर इनटेक मॅनिफोल्डवर बसतो. ब्लॉकचा डेक (हेड बसतात तो सपाट भाग) घासला असेल किंवा हेड प्लेन केले असतील तर मॅनिफोल्ड खाली उतरतो आणि त्याच्याबरोबर डिस्ट्रिब्युटरही. मग गिअरचा तळ ब्लॉकवर टेकतो किंवा शाफ्ट पंपाची दांडी खाली दाबून धरतो. क्लॅम्प आवळला की सगळं सांधल्यासारखं होतं. गिअर कितीही भारी असो, असा दाबलेला टिकत नाही. मॅनिफोल्ड दुसऱ्या बनावटीचा असेल तर उंची तशीही वेगळी असू शकते.

तपासायची पद्धत अशी. गिअरचे दाते पुसून कोरडे करा आणि त्यांना निळ्या शाईचा अगदी पातळ थर द्या. जाड थर सगळीकडे पसरतो आणि खोटं बोलतो. डिस्ट्रिब्युटर त्याच्या गॅस्केटसकट बसवा, क्लॅम्प हाताने आवळा आणि क्रँक पान्याने चार पूर्ण फेऱ्या फिरवा. बाहेर काढून उजेडात धरा.

निळ्यामध्ये धातूची चकाकी दात्याच्या उंचीच्या मधल्या भागात उमटली पाहिजे. ठसा वरच्या कडेला गेला असेल तर गिअर पुरता गुंतत नाही, खालच्या कडेला गेला असेल तर डिस्ट्रिब्युटर जास्त खोल गेलाय. खोल गेला असेल तर कॉलरखाली शिम घाला आणि पुन्हा बघा. सरकत्या कॉलरचे डिस्ट्रिब्युटर मिळतात, त्यांत हे काम सोपं होतं. मला पहिल्या वेळी तीनदा आत-बाहेर करावं लागलं. तिसऱ्या वेळी प्रत्येक दात्यावर तांदळाच्या दाण्याएवढा, सारख्या जागी उमटलेला ठसा दिसला तेव्हा कुठे हात धुतले.

क्लॅम्प पूर्ण आवळल्यावरही शाफ्टला मघाशी मोजलेला खेळ शिल्लक आहे ना, हेही पाहा. आवळण्याआधी खेळ होता आणि नंतर गेला, तर दांडी दाबली जातेय.

८. कॅम पुढे-मागे सरकू देऊ नका

फ्लॅट टॅपेट कॅमच्या लोबांना अगदी किंचित उतार असतो आणि लिफ्टरचा तळ किंचित फुगीर असतो. त्यामुळे लिफ्टर फिरतात आणि कॅम आपोआप मागे रेटलेला राहतो. रोलर कॅमला हा उतार नसतो. त्याला कुणी धरून ठेवलं नाही तर तो ब्लॉकमध्ये पुढे-मागे चालतो.

याचा गिअरशी संबंध काय? दाते तिरपे आहेत. कॅम पुढे सरकला की तिरपे दाते डिस्ट्रिब्युटरला फिरवतात. म्हणजे स्पार्कचं टायमिंग हलतं आणि दात्यांवर धक्के बसतात. टायमिंग लाइटखाली खूण नाचत असेल तर गिअरला दोष देण्याआधी हे तपासा.

शेव्हरोलेच्या १९८७ नंतरच्या फॅक्टरी रोलर ब्लॉकमध्ये कॅमला थ्रस्ट प्लेट (त्याला जागेवर धरणारी पट्टी) असते. जुन्या ब्लॉकमध्ये रोलर कॅम टाकताना पुढे थ्रस्ट बटण लावावं लागतं आणि साधारण ०.००५ ते ०.०१० इंच खेळ ठेवतात. पत्र्याचं पातळ टायमिंग कव्हर बटणाच्या दाबाने बाहेर वाकतं आणि मोजलेला खेळ कागदावरच राहतो. कव्हर भक्कम घ्या.

९. तेल भरा, पंप फिरवा, मग बसवा

दोन्ही गिअरांच्या दात्यांना असेंब्ली पेस्ट चोपडा. डिस्ट्रिब्युटर घालण्याआधी ड्रिलने पंप फिरवून सगळीकडे तेल पोचवा: शेव्हरोलेत वरून बघताना घड्याळाच्या दिशेने, फोर्ड ३०२ आणि विंडसरमध्ये उलट. शेव्हरोलेसाठी नुसता लांब स्क्रूड्रायव्हर वापरू नका. डिस्ट्रिब्युटरचं हाउजिंग तिथल्या तेलाच्या वाटेचं बूच म्हणूनही काम करतं. ते नसेल तर तेल तिथूनच गळतं आणि वर पोचत नाही. प्राइमिंगच्या हत्याराला त्याच जागी कॉलर असते.

जुने बांधणारे शेव्हरोलेच्या हाउजिंगच्या खालच्या कड्यावर, गिअर कॅमला भेटतो त्या बाजूला, त्रिकोणी कानशीने पाऊण मिलिमीटरची एक बारीक खाच पाडतात. तेलाची धार थेट दात्यांवर पडते. मी पाडली. खोल पाडू नका, तेलाचा दाब तिथूनच निसटेल.

डिस्ट्रिब्युटर खाली जाताना तिरप्या दात्यांमुळे रोटर थोडा फिरतो, म्हणून हव्या त्या जागेच्या थोडा अलीकडे धरून सोडा. शेवटचं बोटभर अंतर उरलं आणि तो खाली जात नसेल तर पंपाची खाच जुळलेली नाही. क्लॅम्प आवळून खाली ओढू नका. लांब स्क्रूड्रायव्हरने दांडी जराशी वळवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

फोर्डवाल्यांनी कॅम कार्डावर फायरिंग ऑर्डरही (सिलिंडर पेटायचा क्रम) वाचा. जुन्या ३०२ ची १-५-४-२-६-३-७-८, तर ३५१ विंडसर आणि ५.० एचओची १-३-७-२-६-५-४-८. कॅम बदलला की ऑर्डर बदललेली असू शकते. वायरी जुन्याच जागी ठेवून इंजिन सुरू केलं तर कार्बोरेटरमधून ज्वाळा येतात, आणि बिचाऱ्या गिअरवर खापर फुटतं.

१०. पहिली फेरी आणि नंतरची नजर

सुरू केल्यावर आधी तेलाचा दाब बघा, मग टायमिंग लावा आणि तो आकडा लिहून ठेवा. पहिल्या गरमागरमीनंतर इंजिन गार होऊ द्या आणि डिस्ट्रिब्युटर एकदा उपसून दाते बघा. इथे आळस करू नका. दहा मिनिटांचं काम आहे. दात्यांवर गुळगुळीत, मधोमध, चकाकता पट्टा दिसला की जोडी जमली. एका बाजूची कड धारदार होऊ लागली असेल, दात्याच्या टोकाला पातळ पापुद्रा उठला असेल तर थांबा आणि सातव्या पायरीवर परत जा.

पहिलं तेल लवकर बदला आणि फिल्टर कापून घडी उलगडा. करवतीने कापू नका. करवतीचाच कीस आत पडतो आणि आपण घाबरून बसतो. फिल्टरच्या कटरने कापा. राखाडी चकाकी चुंबकाला चिकटली तर लोखंड झिजतंय. सोनेरी, न चिकटणारी असेल तर ब्राँझचा गिअर, पण तोच रंग बेअरिंगच्या तांब्याचाही असू शकतो, म्हणून डिस्ट्रिब्युटर काढून खात्री करा. ब्राँझ लावला असेल तर प्रत्येक तेलबदलीला हे करायचंच.

एरवी रोजची खूण म्हणजे लिहून ठेवलेलं टायमिंग. क्लॅम्प न हलता ते मागे सरकत असेल तर दाते पातळ होतायत.

पण तुम्ही क्रँक ट्रिगर (क्रँकवरून स्पार्कचा इशारा घेणारा सेन्सर) आणि कॉइल पॅक लावून डिस्ट्रिब्युटरच्या जागी नुसता पंप फिरवणारा तुकडा ठेवला असेल, तर ही खूण तुम्हाला मिळणार नाही. साध्या इंजिनात गिअरचे दाते उडाले की पंप थांबतो, पण स्पार्कही त्याच क्षणी थांबतो आणि इंजिन बंद पडतं. एका अर्थी वाचतं. क्रँक ट्रिगरवाल्या इंजिनात स्पार्क क्रँकवरून येतो. तिथे दाते उडाले तरी इंजिन तेलाशिवाय मजेत फिरत राहतं. अशा इंजिनाला तेलाचा दाब पडताच इग्निशन तोडणारा स्विच लावा, आणि तो बसवल्यावर दाबाची वायर मुद्दाम काढून इंजिन खरंच बंद पडतं का ते एकदा बघून घ्या.